हातचा

आमच्या नगरला कर्नल हा प्राणी नवीन नाही. रणगाड्यांची शाळा येथे, रणगाड्यांचे संग्रहालय येथे. भिंगारच्या रस्त्याने सकाळी फिरायला निघालात तर दोनतीन निवृत्त कर्नल कुत्र्यासह भेटल्यावाचून राहात नाहीत. तेव्हा 30 सप्टेंबर 2011 च्या रात्री साडेदहाच्या सुमारास मी कचेरीतून घरी फोन करून, "जेवायला थांबू नका, कर्नल पॅनिक झाला आहे," असे सौभाग्यवतींना सांगितले, यात सासूबाईंचा गैरसमज झाला तर त्यांना दोष कसा द्यावा? त्यांची उभी हयात भिंगारला गेलेली. पलीकडून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "अगं, कोणते गं कर्नल? कोपऱ्यावरच्या बंगल्यातले? रक्तदाब होताच हो त्यांना."

हा कर्नल निराळा. इंग्रजीत लिहायला वेगळा, पण आपल्या तोंडी दोघांचा उच्चार एकच. संगणकाच्या पोटात जी मूळ यंत्रणा अष्टौप्रहर कारभार पाहते, कोणाला किती मेमरी द्यायची, कोणाचे काम आधी घ्यायचे, डिस्कवर कोणी केव्हा लिहायचे हे ठरवते, ती म्हणजे कर्नल. घरातला कर्ता कारभारीच म्हणा ना. हिशेबात काही भलतेच आढळले आणि पुढे एक पाऊल टाकणेही धोक्याचे वाटले की हा कारभारी खोट्या नोंदी करीत बसण्यापेक्षा जागच्या जागी थांबतो. याला म्हणायचे पॅनिक. खरे तर शब्द अन्यायाचा आहे. असे वेळेवर थांबणे आपल्यातल्या किती कारभाऱ्यांना जमते?

त्या वेळी मी नगरमधल्या एका सहकारी संस्थेत संगणक विभाग सांभाळीत असे. (कागदोपत्री आमचे गाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी.तला कंडक्टर अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो, आणि मीही तसेच म्हणणार.) संस्थेचे नाव सांगत नाही. माणसे वाईट नव्हती, आणि या गोष्टीत वाईट वागलेला माणूस शोधायचा तर तो दुसरीकडेच सापडतो. त्या दिवशी सहामाही अखेर होती. खातेवह्यांचे आकडे जुळवणे चालू होते, चहाच्या तिसऱ्या फेरीचे पेले टेबलावर पडले होते, आणि बरोबर दहाच्या ठोक्याला सगळे पडदे एकदम गोठले. आत जाऊन मुख्य मशीन पाहिले. पडद्यावर पंचवीस ओळींत मावेल इतकेच शेपूट उरले होते. आरंभीच्या ज्या ओळींत खरे कारण असते त्या वर सरकून नाहीशा झालेल्या. व्यवस्थापक म्हणाले, "बंद करा आणि परत चालू करा." मी बटण दाबले. मेमरीत जे काही होते ते त्या क्षणी पुसले गेले. वीज गेली की मेमरीतले सारे जाते, तिथे उरत काही नाही.

रात्री तीनपर्यंत काम उरकले. सकाळी चौकशी सुरू झाली.

आमच्याकडे एक मुलगा कंत्राटावर ऑपरेटर होता. राजूरकडचा, अकोले तालुक्यातला. बी. सी. ए. झालेला, कामाला चलाख, डब्यात रोज नाचणीची भाकरी. त्याने त्या संध्याकाळी एका मशीनला पेन ड्राइव्ह लावला होता. बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती, तिचा मजकूर घ्यायला. पेन ड्राइव्ह लावायला बंदी होती, हे खरे. त्याने ते कबूलही केले, आणि आठ वाजताच काढून ठेवला होता हेही सांगितले. पहिले वाक्य सर्वांनी ऐकले. दुसरे कोणी ऐकले असे मला वाटत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. व्यवस्थापकांनी विचारले, "नक्की कशाने बंद पडले?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

यात शब्दही खोटा नव्हता. पण एका पारड्यात पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्यात 'सांगता येत नाही' ठेवले तर काटा कुठे झुकतो, हे मला समजत नव्हते असे थोडेच! आणि सांगता का येत नाही, हे तर त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होते.

त्यासाठी जवळजवळ सात महिने मागे जायला हवे. 6 मार्च, रविवार. नवे मशीन बसवायला पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले होते. मशीन लिनक्सचे, मेमरी चार जीबी. सकाळी ते बसवताना त्यांनी सहज सांगितले की, यातले 128 एमबी राखीव ठेवले आहेत. मी विचारले, कशासाठी? ते म्हणाले, कर्नल पडला तर त्याचा पंचनामा करण्यासाठी. मी म्हणालो, आणि पडला नाही तर? ते म्हणाले, तर ती जागा नुसती पडून राहील. मूळ कर्नल तिच्यात पाऊल टाकणार नाही.

आता चार जीबीतले 128 एमबी म्हणजे रुपयातले तीन पैसे. पण मला ते तीन पैसे दिसले. मुळा धरणातल्या 26 टी. एम. सी. पाण्यापैकी साडेचार टी. एम. सी. मृतसाठा आहे, हे आम्ही नगरकर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो आणि दर वेळी हळहळतो. तसेच मला वाटले. एवढी जागा मेलेली ठेवायची? मी त्यांना ती ओळ काढायला लावली. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि काढली. दहाच्या सुमारास मशीन सुरू झाले.

गंमत अशी की मी ज्या आईचा मुलगा, तिने 1972 च्या दुष्काळात काय केले ते मी चौदा वर्षांच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आमचे गाव पारनेर तालुक्यात. विहिरी कोरड्या, माणसे खडी फोडायला. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे, तिची भाकरी तव्यावरच तुकडे व्हायची. आणि घरात, माळ्यावर, शेणामातीने तोंड लिंपलेल्या एका मडक्यात दोन पायल्या ज्वारी होती. राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवलेले बियाणे. धाकटी बहीण भुकेने रडली तरी आईने ते मडके फोडले नाही. "ती खायची ज्वारी न्हाई, बाबा," एवढेच ती मला म्हणाली. पुढल्या वर्षी पाऊस झाला आणि ती पेरली. असल्या घरात वाढलेला मी, आणि तीन पैशांना भुललो. माणूस नोकरीत काटकसर शिकतो ती कोणत्या शाळेत शिकतो कोण जाणे.

ही राखीव जागा आधीच का ठेवावी लागते, हे मला पुढे नीट कळले. ते सांगण्याजोगे आहे.

कर्नल पडला की त्या क्षणी मेमरीत जे काही होते त्याची जशीच्या तशी नक्कल डिस्कवर उतरवून ठेवायची, म्हणजे मागाहून जाणत्या माणसाला कारण शोधता येते. हाच पंचनामा. पण तो करायचा कोणी? पडलेल्या कर्नलला ते सांगणे म्हणजे ज्याच्या डोक्यात बिघाड झाला त्याच्याच हाती दप्तर देणे. डिस्कवर लिहिण्याची त्याचीच पद्धत बिघडली असेल तर तो पंचनाम्याच्या नादात चांगल्या खातेवह्या खराब करायचा. म्हणून युक्ती अशी की मशीन सुरू होतानाच मेमरीचा एक सलग तुकडा बाजूला काढायचा, आणि त्यात दुसरा एक लहानसा कर्नल आणून निजवून ठेवायचा. पहिला पडला की पडता पडता तो एकच गोष्ट करतो, या दुसऱ्याच्या दाराशी उडी घेतो. दुसरा जागा होतो, बहुधा एकाच प्रोसेसरवर आणि मोजक्या साधनांनिशी, पहिल्याच्या मेमरीकडे परक्याच्या नजरेने पाहतो, तिची नक्कल लिहून काढतो आणि मशीन नव्याने सुरू करून देतो.

मी त्या पुण्याच्या गृहस्थांना एकदा विचारले होते, जागा आयत्या वेळी घेता येणार नाही का? नाही येणार. आयत्या वेळी सलग जागा मोकळी नसते, आणि कोणती खरोखर मोकळी आहे हे सांगणारा कारभारीच पडलेला असतो. त्याहून मोठी अडचण निराळी. कर्नल पडला तरी मशीनला जोडलेली साधने थांबत नाहीत. नेटवर्कचे कार्ड बाहेरून आलेला मजकूर आधी नेमून दिलेल्या जागी ओततच राहते. घरात माणूस गेलेला, आणि गवळ्याला खबर नाही. तो नेहमीप्रमाणे खिडकीतून हात घालून पातेल्यात दूध ओततो. पंचनाम्याला आलेला मनुष्य त्या पातेल्याच्या जागी बसला असेल तर तोही भिजणार आणि त्याचा कागदही. जी जागा पहिल्या दिवसापासून कोणत्याही गवळ्याला दाखवलेली नाही, तीच काय ती कोरडी.

चालू मशीनवर ही राखीव जागा नंतर कमी करता येते. वाढवता मात्र येत नाही. त्यासाठी मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. किती ठेवावी, हाही प्रश्न आहेच. फार थोडी ठेवली तर पंचनामा करणाराच अर्ध्यावर गुदमरतो. हल्लीची मशीने थोर झाली, तसा हा वाटाही वाढला. रेड हॅट कंपनीच्या नवव्या आवृत्तीत नेहमीच्या मशीनसाठी चार जीबीपर्यंत 192 एमबी, त्यापुढे चौसष्टपर्यंत 256 आणि त्याहूनही मोठ्या मशीनला 512 असे प्रमाण घालून दिले आहे.

ही पद्धत लिनक्समध्ये आली ऑगस्ट 2005 मध्ये, 2.6.13 या आवृत्तीबरोबर. तिच्या घडणीत आपल्या देशाचा वाटा मोठा. चालत्या कर्नलमधून थेट दुसऱ्यात उडी मारण्याची युक्ती एरिक बीडरमन यांची, पण तिच्यावर पंचनाम्याची ही रचना उभारणारे विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ ही मंडळी आयबीएमच्या बंगळूरच्या लिनक्स केंद्रातली. पडल्यानंतर काय, याचा विचार या मंडळींनी वर्षानुवर्षे केला, आणि मी तो एका मिनिटात पुसून टाकला. असो.

दसरा झाला 6 ऑक्टोबरला. त्या मुलाने सकाळी येऊन सगळ्यांना सोने दिले, मलाही वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आले की कंत्राट पुढे चालू ठेवता येत नाही. तो माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "साहेब, तुम्हाला तरी वाटतं का, माझ्यामुळं झालं असं?" मी म्हणालो, "अरे, तसं नक्की काही सांगता येत नाही." तेच तीन शब्द. ते एव्हाना माझ्या जिभेला चांगले सरावले होते.

रविवारी, 9 तारखेला, मी कचेरी उघडून घेतली आणि ती काढलेली ओळ परत लिहिली. एवढ्याने भागत नाही, प्रयोग करून पाहावा लागतो. लिनक्सच्या एका विशिष्ट फायलीत 'सी' हे एकच अक्षर लिहिले की कर्नल मुद्दाम पडतो. व्यवस्थापकांना फोन करून मशीन मुद्दाम पाडण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी मला, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" असे विचारले. 'सी' लिहिले. पडदा काळा झाला, काही वेळाने दुसऱ्या कर्नलच्या ओळी सरसर खाली आल्या, नक्कल लिहिली गेली, आणि अकराच्या सुमारास मशीन आपले आपण उभे राहिले. मी एकटाच खुर्चीत बसलो होतो. दोन दिवस आधी मोकळे झालेले टेबल समोरच होते.

पुढचे सात महिने काही घडले नाही.

5 मे 2012 च्या सकाळी मशीनवर एक नवा कप्पा तयार झालेला दिसला. कप्प्याच्या नावातच तारीख आणि वेळ होती: 4 मे, रात्री अकरा वाजून सात मिनिटे. पहारेकऱ्याला विचारले. त्याच्या वहीप्रमाणे साडेसातला कुलूप लागले होते. म्हणजे बंद इमारतीत, अंधारात, कोणी जवळ नसताना कर्नल पडला, दुसऱ्याने उठून पंचनामा केला, मशीन परत सुरू झाले, आणि सकाळी साऱ्यांनी आपापले पासवर्ड घालून कामाला सुरुवात केली. कोणाला काही कळलेही नाही.

ती फाईल पुण्याला पाठवली. दुपारी तिथल्या एका मुलाचा फोन आला. या फायली वाचण्याचा एक कार्यक्रम असतो. तो उघडताच वरती मशीन किती काळ अखंड चालू होते ते लिहून येते. तो मुलगा मोठ्याने वाचू लागला, "दोनशे आठ दिवस, बारा तास..." आणि थांबून हसला. म्हणाला, "काका, पुढं वाचायची गरज नाही. हे मला माहीत आहे."

आम्ही घेतलेल्या कर्नलमध्ये एक दोष होता. दोनशे आठ दिवस बारा तासांचा. मशीन वेळ मोजते ती सेकंदाच्या अब्जांशात. प्रोसेसरच्या ठोक्यांवरून ती काढताना आधी एका आकड्याने गुणायचे आणि मग 1024 ने भागायचे असा हिशेब होता. पाटी चौसष्ट घरांची. भागाकाराआधीच्या गुणाकाराला दहा घरे जास्तीची लागत. म्हणजे वेळेच्या वाट्याला चौपन्नच उरली. एक कोटी ऐंशी लाख आणि काही हजार सेकंद झाले की चौपन्न घरे भरतात. त्यानंतरच्या गुणाकारात जो हातचा येतो तो ठेवायला पासष्टावे घर नाही. हातचा गळून पडतो, घड्याळ एकदम भलतेच दाखवते, आणि कोणत्या प्रोसेसरवर किती ओझे हा हिशेब करणारा भाग शेवटी शून्याने भागायला जातो. मराठी तिसरीतल्या मुलाची चूक! गुरुजींनी कान धरला असता. दोषाची दुरुस्ती निघाली होती, आम्हीच ती घेतली नव्हती. वर्षानुवर्षे मशीन बंद न करण्याचा आमचा अभिमान मात्र होता. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्या एखाद्या गबाळ्या कचेरीत हा दोष कधी उघडा पडलाच नसता.

घरी आलो तो थेट स्वयंपाकघरात. आमच्या सौभाग्यवती दुधाच्या हिशेबासाठी जुनी कालनिर्णये फेकत नाहीत. 2011 चे काढायला सांगितले. त्या म्हणाल्या, "आता काय पाहायचंय त्यात?" मी बोटाने दिवस मोजू लागलो. 6 मार्चनंतर मार्चचे पंचवीस, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस... बेरीज त्या करीत गेल्या. 30 सप्टेंबरला बरोबर दोनशे आठ. सकाळी दहा अधिक बारा तास, रात्रीचे दहा. मग 9 ऑक्टोबरपासून मोजले, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा धरून. 4 मे, रात्रीचे अकरा.

"म्हणजे तो मुलगा..." त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ती जागा ठेवली असती, तर त्याच रात्री कळलं असतं?"

मी कालनिर्णयाची पाने परत सारखी करीत बसलो.

संस्थेत मी टिपण दिले. व्यवस्थापकांनी ते वाचले, "बरं झालं, कारण सापडलं" म्हणाले, आणि फाईल केले. त्या मुलाला परत बोलवावे, असे शेवटी एक वाक्य होते. त्यावर शेरा आला, 'तूर्त जागा नाही'. टिपणात मी दोषाविषयी सविस्तर लिहिले होते. 6 मार्चला ती ओळ कोणी काढायला लावली, याबद्दल चकार शब्द नव्हता.

दुसऱ्या शनिवारी एस. टी.ने संगमनेर, तिथून अकोले आणि पुढे राजूर. कागदाची तीन पाने पिशवीत. त्याने बाजारपेठेत झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे छोटेसे दुकान टाकले होते. मला पाहून तो उभा राहिला, स्टूल पुसून दिले, चहा सांगितला. बहिणीचे लग्न पार पडल्याचे सांगितले. मी कागद पुढे केला. तो शिकलेला, त्याला फार सांगावे लागले नाही. ओळीवर बोट ठेवून त्याने दोनदा वाचले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न पाहताच तोंडाने दिवस मोजले.

"मी आठ वाजताच काढला होता," तो म्हणाला.

"हो. तू सांगितलं होतंस."

"याची कॉपी घेऊ का? आईला दाखवतो." त्याने झाकण उघडून पान ठेवले आणि तेवढ्यात वीज गेली. भारनियमन. पंखा फिरत फिरत थांबला. "येईल पाऊण तासात," तो म्हणाला, आणि आम्ही दोघे त्या उकाड्यात समोरासमोर बसलो.

पाऊण तास हा फार मोठा वेळ असतो. त्याने हातातले पान परत पाहिले आणि विचारले, "साहेब, मेमध्ये हे पकडलं गेलं. मग सप्टेंबरात का नाही? रिझर्व्ह जागा आधी नव्हती का?"

"होती," मी म्हणालो. "मी काढून टाकली होती. मार्चमध्ये. आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये मला ते ठाऊक होतं."

तो काही बोलला नाही. रस्त्यावरून एक जीप गेली. चहावाल्याचा पोऱ्या पेले घेऊन गेला. एक म्हातारा सातबाऱ्याची प्रत हवी म्हणून आला, त्याला त्याने "लाइट आल्यावर, बाबा" म्हणून बाकावर बसवले. मग बराच वेळ तो काउंटरवरची धूळ फडक्याने पुसत राहिला, पुसलेलीच परत पुसत. मला वाटले, काहीतरी बोलेल. बोलला असता तर बरे झाले असते.

वीज आली. मशीन तापायला मिनिटभर लागले. त्याने तिन्ही पानांच्या प्रती काढल्या, आपल्या प्रतींना टाचणी लावली, माझी पाने घडी घालून माझ्या हातात दिली. मी सवयीने खिशात हात घातला आणि विचारले, "किती झाले?"

"तीन पानं," तो म्हणाला. "तीन रुपये."

मी दिले. त्याने गल्ल्यात टाकले आणि त्या म्हाताऱ्याला हाक मारली.